आधी माळ्यावर, मग अपडेट

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देतो.

"सर, माझं घरगुती कांदा-लसूण चटणीचं काम आहे. ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, पैसे यूपीआयवर, आणि पाकिटावरची लेबलं फोनवरून एका छोट्या ब्लूटूथ प्रिंटरवर काढते. फोन २०२३ च्या दिवाळीतला, चौदा हजारांचा, ६४ जीबीचा. तीन आठवडे झाले, रोज सकाळी तो विचारतोय, अँड्रॉइड १५ आलंय, टाकू का? मी रोज 'नंतर' दाबते. मुलगा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, आई, दाबून टाक, एवढं काय त्यात. भाचा शाहूपुरीत मोबाईल दुरुस्त करतो. तो म्हणतो, आत्या, अजिबात हात लावू नको, स्क्रीनवर हिरवी रेघ येते, फोन स्लो होतो, कंपनीला नवा फोन खपवायचा असतो. त्यात व्हॉट्सॲपवर 'तुमचा फोन अपडेट करा' अशी एक लिंक पण आलीय. खरी भीती वेगळीच आहे. आमचे हे जाऊन दोन वर्षं होतील. त्यांचे आवाजातले निरोप ह्याच फोनमध्ये आहेत. २०१९ च्या पुरात घरातले अल्बम गेले, आता माझ्याकडे एवढंच राहिलंय. अपडेट करताना तेही गेलं तर? चटणीचा हंगाम तोंडावर आलाय. काय करू?"

ताई, नमस्कार.

ती लिंक आधी डिलीट करा, मग पुढचं वाचा. फोनचं अपडेट व्हॉट्सॲपवर, एसएमएसवर किंवा कुणाच्या फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही. ते फोनच्या सेटिंग्जमध्ये 'सॉफ्टवेअर अपडेट' नावाच्या जागी येतं, आणि तिथूनच घ्यायचं असतं. बाहेरून आलेल्या लिंकमधून एपीके नावाची फाइल उतरते आणि ती तुमच्या फोनचे मेसेज वाचायला लागते, म्हणजे बँकेचा ओटीपीसुद्धा. लग्नपत्रिका, गाडीचं चलान, वीजबिल अशी नाना सोंगं घेऊन हा प्रकार फिरतोय, त्यातलंच हे एक. चुकून दाबलं असेल आणि काही इन्स्टॉल झालं असेल, तर डेटा बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि १९३० ला फोन लावा. तो सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे, घरात कॅलेंडरवर लिहून ठेवण्यासारखा.

आता मूळ प्रश्न. अपडेट करा. पण आज नको, आणि जसं आहे तसं नको.

शुक्रवार पेठेतल्या माणसाला मी पुराचं काय सांगणार? तरी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच गल्लीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ ला धोका. ३९ चा आकडा कानावर पडला की गल्लीत काय सुरू होतं? पाणी घरात येणार की नाही, यावर कोण वाद घालत बसत नाही. फ्रीज विटांवर चढतो, धान्याचं पोतं आणि कागदपत्रांची पिशवी माळ्यावर जाते, मग माणसं दारात उभी राहून चर्चा करतात. दहापैकी आठ वेळा पाणी येतच नाही आणि सगळं परत खाली उतरवावं लागतं. त्याबद्दल कोण कुरकुर करत नाही. आणि २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं, तेव्हा माळाही पुरला नाही. वाचलं ते लांबच्या पावण्यांकडं नेऊन ठेवलेलं.

फोन रोज सकाळी विचारतोय तो तुमचा ३९ चा भोंगा समजा. अपडेटमुळे निरोप जातील का, हा प्रश्न तुम्हाला पडतो, कारण ते निरोप एकाच ठिकाणी आहेत. अपडेट नाही केलं तरी ते तितकेच धोक्यात आहेत. फोन उद्या चटणीच्या घमेल्यात पडला, गंगावेशीत गर्दीत कुणी मारला, चार्जिंगला लावलेला फुगला, तरी तेच होणार. म्हणून या आठवड्याचं काम एकच: ह्यांचा आवाज माळ्यावर टाकायचा, आणि एक प्रत गावाबाहेर.

ते कसं करायचं ते जरा सविस्तर सांगतो.

ह्यांचं चॅट उघडा आणि अगदी पहिल्या निरोपापर्यंत वर सरका. काही निरोपांवर खाली जाणारा बाण दिसेल. ते अजून फोनवर उतरलेलेच नाहीत, आधी त्यावर टिचकी मारून उतरवून घ्या. मग एक निरोप दाबून धरा, तो निवडला जाईल. बाकीच्यांवर नुसती टिचकी. दहा-बारा झाले की वर कोपऱ्यात तीन टिंबं दिसतात, त्यात 'शेअर' आहे. तिथून गुगल ड्राइव्ह निवडा, किंवा सरळ मुलाच्या ईमेलवर पाठवा. मुलाला व्हॉट्सॲपवरच फॉरवर्ड केले तरी चालतील, काहीच नसण्यापेक्षा बरं. पण ते पुन्हा एका फोनमध्येच जाऊन बसतात. फाइल म्हणून बाहेर निघालेली प्रत जास्त भरवशाची.

दुसरी प्रत भाच्याकडून करून घ्या. फोनला लागणारा पेन ड्राइव्ह त्याच्या दुकानात असेलच. त्याला म्हणावं, फाइल मॅनेजरमध्ये अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात व्हॉट्सॲपचा फोल्डर, आणि त्याच्या आत 'व्हॉइस नोट्स', हे अख्खं कॉपी कर. आत आठवड्याप्रमाणे फोल्डर असतात आणि प्रत्येक फाइलच्या नावात तारीख असते. नाव मात्र नसतं. म्हणजे ह्यांचे निरोप, तुमचे स्वतःचे आणि मिरचीवाल्याचे सगळे एकाच पोत्यात. निवडणं नंतर सावकाश करा, आत्ता पोतं उचललं तरी पुरे. आणि पेन ड्राइव्ह घरी आणायच्या आधी भाच्याच्या कॉम्प्युटरला लावून त्यातला एक निरोप वाजवून घ्या. फाइल नुसती दिसली म्हणून समाधान मानू नका, आवाज ऐकू आला पाहिजे. मग तो ड्राइव्ह पुढच्या खेपेला मुलाबरोबर पुण्याला जाऊ दे.

व्हॉट्सॲपचा नेहमीचा बॅकअपही बघा. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. तिथं शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख असते. पुष्कळ लोकांच्या फोनवर ती तारीख वर्षभर जुनी निघते, कारण गुगलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा भरलेली असते. व्हॉट्सॲपचा बॅकअप आता त्याच १५ जीबीत मोजला जातो, ईमेल आणि फोटोंबरोबर. व्हॉट्सॲप पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच एक प्रत काढत असतं, पण ती त्याच फोनमध्ये. पूर आल्यावर तळघरातल्या कपाटाचा काय उपयोग? आणि बॅकअपला वेगळा पासवर्ड लावला असेल तर तो डायरीत लिहा. विसरलात तर तो बॅकअप कुणालाच उघडता येत नाही, व्हॉट्सॲपलाही नाही.

एवढं झालं की अर्धी भीती उतरेल. उरलेल्या अर्ध्यासाठी मुलगा आणि भाचा यांच्याकडं वळू.

भाचा खोटं बोलत नाही. पण दवाखान्यात बसणाऱ्याला सगळं गाव आजारी दिसतं. अपडेट करून ज्याचा फोन नीट चालला, तो कशाला शाहूपुरीत जाऊन 'माझा फोन चांगला चाललाय' म्हणून सांगेल? भाच्याच्या काउंटरवर येतात ते बिघडलेलेच. तरी त्याच्या तीन मुद्द्यांना तीन वेगळी उत्तरं आहेत.

हिरवी रेघ खरी आहे. ओएलईडी प्रकारच्या स्क्रीनवर ती येते, आपल्याकडं बऱ्याच जणांना अपडेटनंतर आली, आणि काही कंपन्यांनी ठरावीक मॉडेलच्या स्क्रीन फुकट बदलूनही दिल्या. पण रेघ हा स्क्रीनचा, म्हणजे हार्डवेअरचा दोष. अपडेट बसताना फोन बराच वेळ तापतो आणि आतून कमकुवत झालेला भाग तेव्हा मान टाकतो, असा अंदाज आहे. तुमच्या किमतीच्या फोनमध्ये बहुतेक वेळा साधी एलसीडी स्क्रीन असते, तिच्यावर हे हिरव्या रेघेचं प्रकरण नाही. तुमच्या मॉडेलला कुठली स्क्रीन आहे, हे भाचा डोळे झाकून सांगेल. ओएलईडी असेल तर अपडेट करताना कव्हर काढा आणि फोन ओट्यावर गॅसशेजारी ठेवू नका, एवढंच.

'फोन स्लो करतात' या संशयाला आधार आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलनं स्वतः कबूल केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग त्यांच्या अपडेटनं कमी होत होता. कारण त्यांनी असं दिलं की थकलेल्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये. कारण पटण्यासारखं होतं, पण लोकांना सांगितलं नव्हतं, म्हणून जगभर आरडाओरडा झाला आणि २०१८ मध्ये त्यांना बॅटरी स्वस्तात बदलून द्यावी लागली. तेव्हापासून 'अपडेट म्हणजे स्लो' हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. तुमच्या फोनला त्रास झालाच तर तो बहुतेक जागेमुळं होईल. ६४ जीबीत सात-आठ जीबी मोकळी नसेल, तर नवी आवृत्ती काय, जुनीसुद्धा रडते.

तिसरा मुद्दा, नवा फोन खपवायचा असतो. खपवायचा असतोच. पण त्यासाठी कंपन्या अपडेट देण्याऐवजी अपडेट बंद करतात. स्वस्त फोनला साधारण एक-दोनच मोठी अपडेट मिळतात आणि मग फक्त सुरक्षेची, तीही काही वर्षं. तुमचा फोन आला तेव्हा त्यात अँड्रॉइड १३ असेल, मध्ये १४ आलं, आता १५. हे बहुधा तुमच्या फोनचं शेवटचं मोठं अपडेट.

आता मुलगा. 'एवढं काय त्यात' म्हणणं त्याला सोपं आहे. त्याच्याकडं लॅपटॉप आहे, ऑफिसचा दुसरा फोन असेल, फोटो आपोआप वर जात असतील. त्याचा फोन बिघडला तर त्याची एक संध्याकाळ वाया जाईल. तुमचा बिघडला तर हंगाम जाईल. माझी पण एकदा अशीच जिरली होती. भाचीच्या लग्नाला निपाणीला गेलो होतो. सकाळी नवरदेव यायला वेळ होता, म्हणून बसल्या बसल्या अपडेट दाबलं. पाऊण तास फोन नुसता कंपनीचं चिन्ह दाखवत बसला, आणि मांडववाला पैशासाठी माझ्याकडं बघत. शेवटी मेव्हण्यानं दिले. तो अजून प्रत्येक लग्नात विचारतो, दाजी, आज फोन चालूय नव्हं? फोनला काही झालं नव्हतं, हो. वेळ चुकीची निवडली होती.

पण एका गोष्टीत मुलगा बरोबर आहे, आणि ती महत्त्वाची आहे. मोठं अपडेट म्हटलं की लोकांना नवी चित्रं, गोल बटणं, बदललेलं घड्याळ दिसतं. त्याच्या पोटात दुसरी एक गोष्ट येते, सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारं ठिगळ. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये एक असं भोक सापडलं की नुसता एक एमएमएस आला तरी फोनवर ताबा मिळवता येत होता. त्यानंतर गुगलनं दर महिन्याला अशी भोकं बुजवायला सुरुवात केली. कॉम्प्युटरवरचं उदाहरण तर त्याहून बोलकं आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरातले कॉम्प्युटर कुलूपबंद केले, इंग्लंडातली सरकारी इस्पितळंसुद्धा. ज्या भोकातून तो शिरला, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. दोन महिने लोक 'नंतर' दाबत बसले.

तुमच्या फोनमध्ये सेटिंग्ज, मग 'फोनविषयी', मग अँड्रॉइड आवृत्ती असं बघत गेलात की सुरक्षा पॅचची तारीख दिसेल. मेनूची नावं कंपनीप्रमाणं थोडी इकडं-तिकडं. मोठं अपडेट समोर उभं राहिलं की त्याच्या आधीचे छोटे पॅच वेगळे मिळणं बऱ्याच फोनवर थांबतं, सगळं त्याच गाडीतून येतं. तारीख तीन-चार महिने जुनी असेल तर आणखी वर्षभर 'नंतर' दाबणं परवडणारं नाही. ज्या फोनवर बँक आहे, त्या फोनवर तर नाहीच.

मग उशीर केला त्याचं काही बिघडलं का? नाही, उलट तीन आठवडे थांबलात ते बरं झालं. सप्टेंबर २०१४ मध्ये आयफोनचं एक अपडेट आलं आणि आयफोन ६ वाल्यांचं नेटवर्कच गेलं. फोन हातात, पण लागत नाही. तासाभरात कंपनीनं ते मागं घेतलं, दुसऱ्या दिवशी दुरुस्त आवृत्ती आली. पहिल्या तासात दाबणारे अडकले, दोन दिवस थांबलेल्यांना कळलंसुद्धा नाही. म्हणून माझा स्वतःचा रिवाज असा: छोटा सुरक्षा पॅच आला की त्याच आठवड्यात, मोठी आवृत्ती आली की तीन-चार आठवडे थांबून. तेवढ्यात काही गडबड असली तर त्याच मॉडेलवाले ओरडतात आणि कंपनी मागून एक छोटं दुरुस्ती-अपडेट सोडते. तुमच्याच मॉडेलचा फोन ओळखीत कुणाकडं असेल तर विचारा. चटणी नेणाऱ्या बायकांत एखादी नक्की निघेल.

अपडेट बसताना निरोप पुसले जातात का? नाही. अपडेट घराची वायरिंग बदलतं, कपाट उघडत नाही. तुमचे फोटो, चॅट, नंबर वेगळ्या कप्प्यात असतात. बऱ्याच नव्या फोनमध्ये तर सिस्टिमचे दोन संच असतात. तुम्ही फोन वापरत असतानाच नवं सगळं रिकाम्या संचावर बसतं, आणि रीस्टार्ट केलं की फोन त्यावर उडी मारतो. नीट सुरू झालं नाही तर परत जुन्यावर येतो. भीती खरी ठरते ती एकाच ठिकाणी. क्वचित एखादा फोन मध्येच अडकतो, आणि मग रिपेअरवाल्याच्या हातात फॅक्टरी रीसेटशिवाय काही उरत नाही. रीसेट म्हणजे पाटी कोरी. म्हणून तर आधी माळा. आणि मागं फिरणं धरूच नका. १५ आवडलं नाही म्हणून १४ वर परत जायचं म्हटलं तर फोन पुसावा लागतो, आणि कित्येक कंपन्या ते करूही देत नाहीत.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या लेबल प्रिंटरची, जिच्याबद्दल ना मुलगा बोलला ना भाचा.

हे छोटे थर्मल प्रिंटर विकणारे ॲप बऱ्याचदा व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून पाठवतात, आणि ते ॲप कधी काळचं लिहिलेलं असतं कोण जाणे. अँड्रॉइड १५ चा नियम आहे: अँड्रॉइड ७ च्या आधीच्या काळासाठी बनवलेली ॲप नव्यानं बसत नाहीत. आधीपासून असलेली अपडेटनंतर राहतात. म्हणजे तुमचं ॲप आत्ता आहे, ते राहील. पण अपडेटनंतर छपाई अडली म्हणून 'काढून परत टाकते' असं केलंत, तर ते परत येणारच नाही कदाचित. तेव्हा काहीही झालं तरी ॲप काढायचं नाही. आधी ब्लूटूथमध्ये जाऊन प्रिंटरची जोडी मोडा, प्रिंटर बंद करून चालू करा, परत जोडा. पिन विचारली तर बहुतेक ०००० किंवा १२३४ यातली एक असते. फोननं 'जवळपासची डिव्हाइस' वापरू द्यायची परवानगी मागितली तर द्या. तरी नाही झालं तर विकणाऱ्याला फोन करून नवं ॲप मागा. हा फोन अपडेटच्या आधीच केलात तर आणखी चांगलं. 'अँड्रॉइड १५ वर चालतं का हो?' एवढंच विचारायचं. तो अडखळला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आणि आदल्या दिवशी आठवडाभराची लेबलं छापून ठेवा. पॅकिंगची तारीख कोरी सोडा, ती नंतर शिक्क्यानं मारता येते. छापलेली लेबलं झाकणाच्या डब्यात ठेवा. थर्मल कागदावरचं अक्षर उन्हात आणि तेलकट हातानं उडतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

यूपीआयची तेवढी चिंता करू नका. दारातला क्यूआर तुमच्या फोनवर चालतच नाही. गिऱ्हाईक पैसे पाठवतं ते थेट बँकेच्या खात्यात जातात, तुमचा फोन बंद असला तरी. पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा असेल तर त्यात त्याचं स्वतःचं सिम असतं. साध्या अपडेटनं यूपीआय ॲप सहसा बाहेर काढत नाही. काढलंच, तर बँकेत नोंदवलेलं सिम त्याच फोनमध्ये हवं, त्यावर एसएमएस जाण्याइतपत बॅलन्स हवा आणि एटीएम कार्ड जवळ हवं. फोन रीसेट करायची पाळी आली तर मात्र नव्यानं नोंदणी होते, आणि पहिले २४ तास ५,००० रुपयांच्या वर पाठवता येत नाहीत. मिरचीवाल्याचे पैसे त्या दिवशी द्यायचे ठेवू नका.

दिवस कुठला? मिरची कांडायला डंकावर पहिली खेप जायच्या आधीचा आठवडा तुमच्या हातात आहे. एकदा अंगणात मिरची पडली, तिखटानं घर ठसकायला लागलं की मग मे अखेरपर्यंत फोनला हात लावायचा नाही. जो सुट्टीचा वार असेल त्या दिवशी सकाळी लवकर करा. रात्री नको, अडकला तर भाच्याचं दुकान बंद असतं. अपडेट दोन-तीन जीबीचं असतं, तुमच्या रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ते निम्म्यात लोंबकळेल. ज्याच्या घरी वायफाय आहे तिथं जा. चार्जिंग निम्म्याच्या वर, शक्यतो चार्जर लावूनच, आणि रीस्टार्ट व्हायला लागला की चहा ठेवा. बटणं दाबत बसू नका. चिन्ह दिसत राहतं, काही फोन पंधरा-वीस मिनिटं घेतात.

जागेसाठी व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज मॅनेज करा' आहे. मोठे व्हिडिओ तिथं वरच्या वर दिसतात. गुड मॉर्निंगचे गुलाब आणि पाहुण्यांच्या बारशाचे तेच तेच व्हिडिओ काढलेत की सहज पाच-सहा जीबी मिळतील. त्या सफाईत ह्यांच्या चॅटला मात्र हात लावायचा नाही, प्रत निघाल्याशिवाय तर मुळीच नाही.

झाल्यावर दोन-तीन दिवस फोन गरम होईल, बॅटरी लवकर उतरेल. आतल्या आत तो सगळी ॲप नव्यानं लावून घेत असतो. त्या दोन दिवसांत भाच्याला 'तू म्हणालास तेच झालं' म्हणू नका, त्याला उगीच बळ येईल. प्ले स्टोअरमध्ये जाऊन ॲपची अपडेट घ्या, फोन एकदा बंद करून चालू करा. 'फोन क्लीन करा' म्हणून जाहिरात करणारं एकही ॲप टाकू नका. आठवड्यानंतरही रडत असेल तर मग दुकानात न्या.

एका परिस्थितीत मात्र मी भाच्याच्या बाजूनं. आत्ताच फोन आपोआप बंद होत असेल, मागचं झाकण बॅटरीनं फुगलेलं वाटत असेल किंवा स्क्रीन लुकलुकत असेल, तर अपडेट करू नका. आधी बॅटरी-स्क्रीनचं बघा. आजारी बैलाला शर्यतीला जुंपत नाहीत.

मुलाला आजच फोन करा आणि सांगा की वडिलांचे निरोप ईमेलवर येतायत, नीट ठेव. त्यानंही ते बरेच दिवस ऐकले नसतील. आणि भाच्याला विचारून ठेवा, त्या दिवशी दुकान किती वाजता उघडणार.